जेवढी बोटं उघडतील

आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कधी काही झालेलंच नसतं. अंगात ताप असला तरी बरं असतं, पायावर ट्रे पडला तरी बरं असतं. फडतरे बेकरीच्या काउंटरपाशी येऊन कुणीही "कसं काय काकू?" म्हणालं, की खारीचा पुडा बांधता बांधता त्या म्हणणार, "बरंय की!" त्यातला तो 'की' इतका ठासून म्हणतात, की समोरच्याला वाटावं, आपण विचारलंच कशाला. लग्न होऊन मी साताऱ्याला आले तेव्हा मला वाटलं, काय आनंदी बाई आहे! महिनाभरात कळलं, की आनंदी तर आहेतच, पण त्याहून जास्त हट्टी आहेत.

आईंना आमवात आहे. उतारवयात गुडघे कुरकुरतात तो संधिवात वेगळा. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात, तो हा. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारे राखणदार असतात, ते आपल्याच सांध्यांना चोर समजतात आणि बडवत सुटतात. रणजित, म्हणजे माझा नवरा, शाळेत होता तेव्हापासून हे चाललंय. सकाळी आईंचे हात उघडत नाहीत. कोमट पाण्याच्या पातेल्यात बराच वेळ बुडवून ठेवले की मग एकेक बोट हलायला लागतं. रविवारी आठवड्याच्या गोळ्या, सोमवारी मळमळ, झोपताना मनगटाला पट्टी. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घरातल्या प्रत्येक कालथ्याला आणि झाऱ्याला सायकलच्या मुठीचं जाड रबर चढवलंय. फिजिओथेरपीवाल्या मुलीने व्यायामाला चेंडू दिला होता, तो बाबांनी कपाटात टाकला. त्याऐवजी ते रोज सकाळी मळलेल्या मैद्याचा एक गोळा भट्टीजवळ ऊबेला ठेवतात आणि आईंच्या हातात देतात. आई तो दाबत बसतात, आणि बाबा समोर बसून चहा पितात.

बाबा जन्मापासून कर्णबधिर आहेत. आईंना ऐकू येतं. लग्नानंतर त्या खुणांची भाषा शिकल्या आणि मग त्या दोघांनी तिच्यात स्वतःची इतकी भर घातली, की ती फडतऱ्यांच्या घरचीच बोली झाली. आई काउंटरवर, बाबा मागे भट्टीपाशी. गिऱ्हाईक तोंडाने बोलणार, आई ते हातांनी मागे पोचवणार आणि बाबांचं उत्तर पुढे आणणार. मधल्या काळात रणजितने बोलणं लिहून दाखवणारा एक पडदा आणून भिंतीवर लावला होता. बाबांनी तो चार दिवसांत काढला. म्हणाले, "यात सगळे एकाच आवाजात बोलतात. ही सांगते तेव्हा कोण चिडलंय, कोण लाडात आलंय, सगळं कळतं."

म्हणून आईंच्या हातांचं आम्हाला भय होतं. हात गेले असते तर बेकरी आम्ही कशीही चालवली असती. पण ज्या माणसाशी त्या दिवसभर बोलतात, त्याच्याशी बोलणं संपलं असतं.

दोन हजार एकेचाळीस साली 'शमन' आलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मेंदूतून निघून मानेतून, छातीतून, पोटापर्यंत भटकत जाणारी एक नस आहे. ती वाटेत हृदयाला आवरते, पचनाला हाकते, आणि पुढे तिचा निरोप प्लीहेपर्यंत जातो. प्लीहेत त्या राखणदार पेशींचा मोठा तळ असतो. या नसेला विजेचा अगदी बारीक ठोका दिला, की तळावर निरोप पोचतो: शांत व्हा. मग पेशी दाह पेटवणारी प्रथिनं कमी सोडतात. शमन म्हणजे लवंगेएवढं यंत्र. ते मानेत डाव्या बाजूला बसवतात. ते शरीरातला दाह सतत मोजतं आणि लागेल तेवढे ठोके देतं.

"पण किती लागेल, ते त्याला कसं कळणार?" आईंनी विचारलं. प्रश्न चोख होता.

डॉ. नसरीन मुजावर खुर्ची पुढे ओढून बसल्या. "तेच तर सांगते, शैलजाताई. दाह मोजता येतो, दुखणं मोजता येत नाही. एवढ्याच दाहाने एकाला काही वाटत नाही आणि दुसऱ्याला पेला उचलवत नाही. ठोके उगाच वाढवले तर आवाज बसतो, जंतूंशी लढायची ताकद कमी होते. म्हणून शमन पहिले काही महिने तुमच्याकडून शिकतं. मनगटावरच्या पट्ट्यातून दिवसातून तीनदा विचारेल, कसं वाटतंय. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. खरं सांगायचं, बस्स."

"आता मी मशीनशी कशाला खोटं बोलू?" आई म्हणाल्या, आणि मी बावळटासारखा विश्वास ठेवला.

शमन बसलं. यंत्राला वाव मिळावा म्हणून गोळ्या निम्म्या केल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा आई काउंटरवर टोस्ट मोजत होत्या आणि त्यांच्या मनगटातून एक गोड आवाज आला.

"शैलजाताई, आत्ता कसं वाटतंय?"

"बरंय."

"शून्य ते दहामध्ये सांगाल का?"

"दोन लिही, बाई."

त्यांच्या मनगटावर पेरूएवढी सूज होती. मी म्हटलं, "आई! दोन?"

"अगं, एवढं प्रेमाने विचारते बिचारी. तिला कशाला घोर लावायचा?"

मी कपाळावर हात मारला. एवढी वर्षं संशोधन करून शास्त्रज्ञांनी यंत्र बनवलं, त्याने सगळ्या जगाची आकडेवारी पचवली, पण साताऱ्यातली एक बाई त्याच्याशीही पाहुण्यासारखी वागेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी समजावलं, रणजित ओरडला. आई "हो हो" म्हणाल्या आणि पुढच्या वेळी मोठ्या मनाने तीन म्हणाल्या.

आणि यंत्र शिकलं. दाह चढलाय आणि बाई म्हणतात दोन. म्हणजे या बाईंना एवढा दाह चालतो. ठोके कमी केले. दाह आणखी चढला, बाई म्हणाल्या बरंय. ठोके आणखी कमी केले. विद्यार्थी गुणी होता, शिकवणारीच लबाड होती.

दिवाळीच्या तोंडावर नानकटाईच्या ऑर्डरी आल्या होत्या. त्या गडबडीत एक बाई नातवाच्या वाढदिवसाचा केक सांगायला आल्या. नाव घालायचं होतं, 'अद्वैत'. नाव सांगायचं तर बोटांनी एकेक अक्षर करावं लागतं. आईंनी हात वर केला आणि मधेच थांबवला. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "केतकी, ह्यांना तू सांग जरा."

मी सांगितलं. बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग आईंकडे. आईंचे दोन्ही हात पदराखाली होते.

त्या दिवसापासून ते हात पदराखालीच राहिले. खुणांनी बोलणाऱ्या घरात शांतता असते असं लोकांना वाटतं. आमच्याकडे उलट होतं. लक्ष वेधायला ओट्यावर थापा, जमिनीवर पाय आपटणं, हसताना एकमेकांच्या खांद्यावर चापट्या. ते सगळं बंद झालं. बाबा मैद्याचा गोळा आणून द्यायचे, आई तो मांडीवर घेऊन नुसत्या बसायच्या. बाबा काही विचारायचे, आई मान हलवायच्या. मला तर आधी वाटलं, दोघांचं भांडण झालंय.

डॉक्टरांनी फोटो दाखवले. मनगटातली हाडांची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. "झिजलं ते परत येत नाही," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "यंत्राच्या मते त्या ठणठणीत आहेत. दिवाळीनंतर एकदा बघते. फरक नसेल तर शमन बंद करून काढावं लागेल. मोठी इंजेक्शनं त्यांच्या यकृताला झेपत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे."

घरी येऊन मी आईंना गाठलंच. "का करता असं? कुणाची भीती आहे?"

त्यांनी हात पदरात आणखी आत ओढले. मग म्हणाल्या, "माझं लग्न ठरलं ना, तेव्हा आमच्या गावात बायका म्हणायच्या, सोन्यासारखी पोर बहिऱ्याला दिली. कुठं शिंकले तरी म्हणायच्या, बघा, सुख नाही पोरीला. उद्या मी दुखतंय म्हटलं असतं, तर ते ह्यांच्या नावावर गेलं असतं. ह्यांच्यामुळं मला कधी काही दुखलं नाही गं. मग कशाला बोलायचं?"

मला रडू आलं आणि रागही आला. त्या बायका कधीच गेल्या असतील, आणि आई अजून त्यांना उत्तर देत होत्या.

दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या कर्णबधिर मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. बाबांबरोबर नानकटाईचे डबे घेऊन मी गेले. आई नेहमी जातात, त्या वर्षी आल्या नाहीत. मी मोठ्या ऐटीत सगळ्यांशी बोलत होते. खुणा मला बाबांनी शिकवल्या आहेत, आणि माझा समज असा, की मला त्या उत्तम येतात. थोड्या वेळाने कॉलेजातल्या एका मुलीने माझा हात धरून विचारलं, "तुझ्या बोटांना लागलंय का?"

"नाही. का?"

"मग तू सगळं मूठ मिटून का बोलतेस? तोंडात घास घेऊन बोलल्यासारखं वाटतं."

"साताऱ्याची पद्धत आहे," मी ठोकून दिलं.

"मी साताऱ्याचीच आहे," ती म्हणाली.

बाबांचे शाळासोबती भोईटेकाका शेजारीच होते. ते पोट धरून हसले. मग त्यांनी मला शाळेतल्या जयसिंगची, म्हणजे बाबांची, नक्कल करून दाखवली: दोन्ही हात हवेत, दहाही बोटं ताठ, नाचणारी. "याच्यासारखं लांबलचक बोलणारा शाळेत दुसरा नव्हता. पलीकडच्या वर्गातल्या पोरांना खिडकीतून दिसायचं." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे बाबा मित्रांच्या घोळक्यात उभे होते. मी त्यांचे हात असे कधी पाहिलेच नव्हते. बोटं पूर्ण उघडी, मोकळी, भरधाव.

घरी आलो. आईंनी दार उघडलं. बाबांनी त्यांना सांगितलं, सगळ्यांनी तुझी आठवण काढली. सांगताना त्यांची बोटं आत वळलेली होती, अंगठा मुठीला चिकटलेला. मी दारातच उभी राहिले.

पुढचा आठवडा मी फक्त बाबांचे हात पाहिले. एखाद्या सकाळी ते जरा उघडे असायचे, एखाद्या दिवशी नुसत्या मुठी. पाऊस येऊन गेला, त्या दिवशी मुठी. दुपारी ऊन पडलं तेव्हा दोन बोटं सुटली. आईंचे हात पदराखाली होते. पण त्या पदर सावरतात, भाकरीचा तुकडा मोडतात, दार लोटतात. बाबा तेवढ्यावरून ओळखत होते आणि आपले हात तेवढेच उघडत होते.

मी त्यांना बेकरीत गाठून विचारलं.

बाबा आधी लाजले. मग भट्टीचं दार लावून माझ्याकडे वळले. "बोटं वाकायला लागली तेव्हा ती मला म्हणाली, माझं बोलणं बिघडलं. मी म्हटलं, नाही बिघडलं. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासारखं बोलायला लागलो. दोघं एकसारखं बोलतात, म्हणजे ते बिघडलेलं कसं? ती जेवढी बोटं उघडेल तेवढीच मी उघडतो."

"आणि आईंना हे माहीत आहे?"

"तिला वाटतं, माझाही आता वयामुळे आळस वाढलाय." ते हसले, मिटल्या हातांनी.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मी एखादा शोध लागल्यासारखी निघाले. खोलीत बसल्या बसल्या सांगितलं, "डॉक्टर, यंत्राने आईंना विचारूच नये. बाबांना विचारावं. ह्यांना आईंचं दुखणं आकड्यासकट कळतं." डॉ. मुजावर म्हणाल्या, जवळच्या माणसाची नोंद चालते, तशी सोय आहे. त्यांनी आईंच्या मनगटावरचा पट्टा काढून बाबांपुढे धरला. आईंच्या चेहऱ्यावर राग दिसला.

"माझं दुखणं आता दुसऱ्यांनी सांगायचं का? मी काय मुकी आहे?"

मी बाबांना म्हटलं, "सांगा ना, आत्ता किती आहे?"

बाबांनी पट्टा घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. "मी नाही सांगणार," ते म्हणाले. मला धक्का बसला. ते डॉक्टरांकडे पाहत बोलायला लागले, आणि मी ते आवाजात आणत गेले. "हिने माझं बोलणं आयुष्यभर लोकांना सांगितलं. बँकेत, लग्नकार्यात, माझी आई गेली तेव्हा दवाखान्यात. मी चिडून वेडंवाकडं बोललो तरी तसंच सांगितलं. स्वतःचा एक शब्द कधी घातला नाही. मी तिच्या वतीने मनाचं कसं सांगू? ती मला सांगेल, मग मी तसंच्या तसं यंत्राला सांगेन. तिच्या बोलण्यातलं मी काही बदलणार नाही."

मग ते खुर्चीवर बसल्या बसल्याच आईंकडे वळले आणि दोन्ही हात पुढे करून विचारलं, "कसं आहे?"

फडतऱ्यांच्या बोलीत 'बरंय'ची खूण अशी आहे: मूठ छातीशी धरायची आणि पुढे आणत पंजा पूर्ण उघडायचा, पाव फुगतो तसा. आईंचा उजवा हात सवयीने पदरातून बाहेर आला. छातीशी गेला. पुढे आला. आणि तिथेच राहिला, मिटलेला. आईंनी ओठ आवळून जोर लावला. बोटं थरथरली, पण उघडली नाहीत.

तोंडाने त्या हजार वेळा खोटं बोलू शकल्या असत्या. पण बाबांना तोंडाचं काही ऐकू येत नाही.

बाबांनी ती मूठ आपल्या डाव्या तळहातावर घेतली, अलगद, जशी ते भट्टीतून काढलेली पहिली नानकटाई घेतात. आईंना बोटांनी आकडा दाखवता येणार नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला आणि एक बोट उघडलं. आईंकडे पाहिलं. दुसरं उघडलं आणि थांबले. दोनवर ते फार वेळ थांबले. आई रोजचं 'दोन' म्हणाल्या असत्या, तर त्यांनी खरंच दोन लिहिलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

आईंनी मान हलवली. नाही.

तीन. नाही. चार, पाच. नाही. हाताची बोटं संपली, तेव्हा बाबांनी मूठ मिटून पुन्हा पहिल्यापासून उघडायला घेतली. सहा. सात. आई रडत होत्या. आठवर त्यांनी डोळे मिटले आणि मान खाली केली.

बाबांनी पट्टा उचलला आणि आठ लिहिलं.

"दुखतंय गं केतकी," आई म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने. "फार दुखतंय. ह्यांच्याशी बोलता येत नाही याचं तर जास्तच दुखतंय." ते मी बाबांना सांगितलं, जसंच्या तसं.

डॉक्टरांनी शमनचं जुनं शिक्षण पुसून टाकलं आणि मुदत वाढवून दिली. पट्ट्यातला गोड आवाज बंद झाला. आता पट्टा बाबांच्या मनगटावर असतो आणि दिवसातून तीनदा थरथरतो. मग भट्टीवर काहीही असो, बाबा काउंटरवर येतात, आईंसमोर उभे राहतात आणि बोटं उघडायला लागतात. गिऱ्हाइकं थांबतात. एकदा एक माणूस घाईत होता, त्याला आईंनी सुनावलं, "थांबा जरा, आमचं बोलणं चाललंय."

हिवाळा सरता सरता सूज उतरली. आमवात गेलेला नाही, जाणारही नाही. गोळ्या आहेत, पातेलं आहे, मैद्याचा गोळा आहे, थकून भर दुपारी आडवं व्हायचे दिवस आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडंच राहिलं. पण आकडा आता बहुतेक वेळा तीनच्या आसपास असतो, आणि तो खरा तीन असतो. "कसं काय काकू?" म्हटलं की आई म्हणतात, "आज जरा दुखतंय." नेहमीची गिऱ्हाइकं पहिल्यांदा इतकी दचकली, की दोघांनी जादा खारी घेतली.

परवा मी शाळेतून आले तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. आई ओट्यावर थापा मारून बाबांना बोलावत होत्या. बाबा आले. आईंनी कुणाच्या तरी लग्नाची मोठी ऑर्डर सांगायला घेतली आणि सांगता सांगता त्यांचे हात वर गेले, तीन बोटं ताठ, नाचत. बाबांनी उत्तर दिलं, किती ट्रे, किती वाजता. त्यांच्या मुठी नेहमीसारख्या मिटलेल्या होत्या. सवय लागली होती.

आई बोलायच्या थांबल्या. बाबांच्या हातांकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे असे किती वर्षं बोलतायत गं?"

त्यांना उत्तर नको होतं. त्यांनी बाबांचा हात ओढून काउंटरवर घेतला आणि आपल्या दुखऱ्या हातांनी त्यांची बोटं एकेक करून सरळ करायला लागल्या.

"उघडा की आता," त्या मोठ्याने म्हणत होत्या, बाबांना ऐकू येत नाही हे विसरून. "वेडे कुठले. उघडा. मी आलेय तिथवर."